जूर्दां शेटचें शिक्षण व आपलें शिक्षण

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)

आज आम्ही आपणांस एका नाटकाची हकीकत सांगणार आहों. नाटक फ्रान्स देशांतलें, साडेतीनशें वर्षांमागचें, आणि आम्हीं तें पाहिलें तेंहि पडद्यावर. तेव्हां सोसायटीचें कर्ज डोक्यावर असतां हा परमुलखाचा खेळ आम्हांस कशास, असें कोणी मनांत म्हणेल तर त्यांत त्याची चूक नाहीं. आमचें मागणें एवढेंच कीं, शेवटपर्यंत ऐकावें. ह्या नाटकांत एक दुकानदार आहे, त्याचे मास्तर आहेत, त्याचा शिंपी आहे, आणि त्याच्याकडून हातउसने पैसे नेणारा एक सरदार आहे. ह्यांतला एकहि माणूस आपल्या गांवांत पाहिला नाहीं, असें जो शेवटीं म्हणेल त्याची आम्ही माफी मागूं.

नाटककाराचें नांव मोलिअर. जन्म पॅरिस शहरांत, १६२२ सालीं. बाप गाद्या, पडदे व खुर्च्यांचीं आच्छादनें करणारा कारागीर. राजवाड्यांतलें तें काम त्याच्याकडे असे. पोरानें बापाचा धंदा सोडून नाटकमंडळी काढली. मंडळी बुडाली, कर्जापायीं कैद भोगावी लागली, पुढें बारा-तेरा वर्षें गांवोगांव खेळ करीत हिंडावें लागलें. शेवटीं चौदावा लुई ह्या राजाची मर्जी बसली व नांव झालें. १६७३ सालीं रंगभूमीवर काम करीत असतांनाच दुखणें बळावलें, आणि त्याच रात्रीं तो वारला. नटाचा धंदा पापाचा म्हणून तेथील धर्मगुरूंनीं पवित्र जमिनींत मूठमाती देण्याचें नाकारलें. बायकोला राजाच्या पायांशीं जावें लागलें, तेव्हां कोठें रात्रीच्या काळोखांत त्याचें दफन झालें. ज्यानें राजास हंसविलें त्यास मेल्यावर साडेतीन हात जमीन मिळण्याची अशी मारामार.

हा ग्रंथकार आपल्या भाषेस अगदींच परका नाहीं. लांकूडतोड्याला बळेंच वैद्य बनविल्याचें त्याचें एक नाटक हरि नारायण आपटे यांनीं मराठींत आणलें, आणि त्याच्या कंजुषाच्या नाटकावरून आचार्य अत्रे यांनीं ‘कवडीचुंबक’ लिहिलें. आम्हीं पाहिलें तें नाटक निराळें. उमराव बनूं पाहणाऱ्या एका दुकानदाराचें हें नाटक आहे. त्याचा पहिला खेळ १४ ऑक्टोबर १६७० रोजीं शांबोर येथील वाड्यांत राजा व त्याचे दरबारी यांच्यापुढें झाला. गाण्याच्या चाली ल्युली ह्या प्रसिद्ध गवयाच्या. दुकानदाराचें काम स्वतः मोलिअरनें केलें, व दुकानदाराच्या बायकोचें काम एका पुरुष नटानें.

२००४ सालीं बेंजामें लाझार नांवाच्या दिग्दर्शकानें हें नाटक जुन्या तऱ्हेनें पुन्हां उभें केलें. विजेच्या दिव्यांऐवजीं मेणबत्त्या. नट एकमेकांकडे न पाहतां प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतात. चेहऱ्यांस पांढरा रंग, उच्चार त्या काळचे, आणि नाच व गाणीं कांहीं न गाळतां. बायकोचें काम येथेंहि पुरुषच करितो. तमाशाच्या व बालगंधर्वांच्या मुलखांतल्या माणसास त्याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. ह्या प्रयोगाचें चित्रमुद्रण एका स्नेह्याच्या घरीं आम्हीं पाहिलें. खालीं इंग्रजी अक्षरें उमटत होतीं त्यांवरून अर्थ लावीत गेलों. मशालीच्या उजेडांत जलसा पाहिल्याच्या गोष्टी आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांनीं सांगितलेल्या असतील. तसाच हा उजेड. त्यांत माणसाच्या चेहऱ्यापेक्षां अंगावरची जर आधीं दिसते.

आतां गोष्ट ऐका. जूर्दां हा सुखवस्तु शेट. बाप कापडाचा व्यापार करून चार पैसे ठेवून गेलेला. घरीं शहाणी बायको, लग्नाची मुलगी ल्युसिल, आणि निकोल नांवाची तोंडाळ मोलकरीण. शेटला एकच वेड लागलें आहे. मोठे लोक जें जें करितात तें तें आपणांस आलें पाहिजे. म्हणून त्यानें गाण्याचा मास्तर ठेविला, नाचाचा ठेविला, तलवारीचा ठेविला, आणि वर तत्त्वज्ञानाचा पंडित ठेविला. कोणाची विद्या श्रेष्ठ ह्यावरून हे चौघे शेटच्याच घरांत भांडतात. राग आवरावा असा उपदेश करीत पंडित मध्यें पडतो, आणि घटकेभरांत तोच दुसऱ्यांच्या अंगावर धांवून जाऊन मार खातो.

मार खाऊन परत आल्यावर पंडिताचा पाठ सुरू होतो. न्याय शिकवूं का? तो अवघड वाटतो. नीति शिकवूं का? ती नको. अखेर लिहिण्याचें शुद्धलेखन शिकण्याचें ठरतें. तेव्हां पंडित शिकवितो काय, तर एक स्वर म्हणतांना तोंड कसें उघडतें, दुसरा म्हणतांना ओठ कसे पुढें येतात. जो उच्चार शेट आईच्या मांडीवर शिकला, तोच त्याला दाम घेऊन परत दिला जातो. बोलतां बोलतां पंडित सांगतो कीं, कवितेखेरीज जें बोलणें तें गद्य. शेट थक्क होतो. चाळीस वर्षांवर आपण गद्य बोलत आलों आणि आपणांस तें ठाऊकच नव्हतें! तो बायकोला व मोलकरणीला बोलावून ही नवी विद्या ऐकवितो, आणि त्या दोघी त्याच्या तोंडाकडे पाहत राहतात.

मग शिंपी येतो. त्यानें आणलेल्या अंगरख्यावर फुलें उलटीं बसविलेलीं आहेत, देंठ वर आणि पाकळ्या खालीं. शेट विचारतो, हें असें कसें? शिंपी म्हणतो, बडे लोक असेंच घालतात. झालें, शेटची शंका मिटली. शिंप्यानें स्वतःचा अंगरखा शेटच्याच कापडांतून काढलेला असतो, तेंहि शेटच्या ध्यानांत येतें. पण बड्या लोकांच्या शिंप्याशीं भांडावें कसें? नंतर शिंप्याचीं पोरें बक्षिसी मागतात. एकजण त्यास खानदानी गृहस्थ म्हणतो. शेट पैसे देतो. मग तो पोऱ्या त्याहून मोठी पदवी लावतो. शेट आणखी देतो. मग त्याहूनहि मोठी. शेट आणखी देतो, आणि आपल्याशींच म्हणतो कीं, ह्याच्यावरची पदवी लावली असती तर सारी थैली गेली असती.

सरदाराची कथा ह्याहून वाईट. त्याचें नांव दोरांत. आज सकाळींच राजाच्या महालांत तुमची गोष्ट निघाली होती, असें तो शेटला सांगतो. एवढ्या एका बोलानें शेट विरघळतो. मग सरदार म्हणतो, आमच्या देण्याचा हिशेब करूं. शेट टिपण काढतो. रोख दिलेले ५,०६० लिव्र. सरदाराच्या पिसांच्या टोपीवाल्याचे भागविले ते १,८३२. शिंप्याचे २,७८०. कापडवाल्याचे ४,३७९ व वर चिल्लर. खोगीरवाल्याचे १,७४८ व वर चिल्लर. दोन्ही चिल्लर मिळून एक लिव्र पुरा होतो, व एकूण बेरीज १५,८०० येते. आम्हीं कागदावर करून पाहिली, ती पैपर्यंत बरोबर आहे. सरदारहि म्हणतो, बरोबर आहे. आतां ह्यांत आणखी २,२०० घाला, म्हणजे १८,००० ची गोळाबेरीज होईल. बायको कानांत सांगते कीं, ह्या मनुष्यानें तुम्हांस दुभती गाय केली आहे. शेट तिला गप्प करितो आणि पैसे आणावयास आंत जातो. वर घरीं बायको असतां शेटनें एका विधवा सरदारणीवर मन ठेविलें आहे. तिच्यासाठीं दिलेला हिरा हाच सरदार आपल्या नांवानें तिला देतो.

मुलीच्या लग्नाचा प्रसंग तर आपल्या घरांतला वाटावा असा आहे. ल्युसिलचें मन क्लेआंत ह्या भल्या तरुणावर. आईची संमति आहे. शेट एकच प्रश्न विचारतो: तूं खानदानी उमराव आहेस काय? होय म्हणून थाप मारणें सोपें होतें, आणि त्या काळीं पुष्कळ लोक मारीत. पण तो सांगतो कीं, माझ्या वडिलांनीं मानाच्या जागा भूषविल्या, मीं सहा वर्षें फौजेंत चाकरी केली, तथापि जें मी नव्हे तें नांव मी चोरून लावणार नाहीं. शेट म्हणतो, तर मग माझी मुलगी तुला मिळावयाची नाहीं. येथें बायको जें बोलते तें कोणत्याहि आईनें ऐकावें. तिचें म्हणणें असें कीं, आपण दोघेंहि व्यापाऱ्याचीं लेंकरें. आईबापांवरून माझ्या मुलीला टोंचणारा जांवई मला नको, आणि मला आजी म्हणावयास लाजणारीं नातवंडें नकोत. बस जेवायला, असें ज्याला म्हणतां येईल असा जांवई मला हवा.

पुढें क्लेआंतचा नोकर युक्ति काढतो. धन्याला तुर्की बादशहाचा मुलगा बनवून आणतो. शेटला ‘मामामुशी’ नांवाची मोठी तुर्की पदवी देण्याचा समारंभ होतो. असली पदवी जगांत कोठेंच नाहीं. पागोटीं घातलेले खोटे धर्मगुरू येतात, कोणास न कळणाऱ्या भाषेंत मंत्र म्हणतात, गाणें होतें, नाच होतो, आणि शेटला काठ्यांनीं बडवितात. पाठीवर काठ्या पडत असतां शेटला वाटतें कीं आपण वर चढत आहों. पहिल्या खेळांत ह्या मुख्य धर्मगुरूचें सोंग स्वतः ल्युलीनें घेतलें होतें. १६६९ सालीं तुर्कस्तानचा वकील फ्रान्सच्या दरबारीं येऊन गेला होता, त्यावरून ही थट्टा. आम्हांस हा भाग निर्मळ वाटला नाहीं. शेटच्या वेडाला हंसावें, पण दुसऱ्याच्या धर्माचें सोंग आणून हंसूं नये. तरी भाषा कळत नाहीं, दक्षिणा जाते, पाठ सुजते, आणि तरी माणूस धन्य होतो, हें चित्र पाहून आपल्या आजापणजांची आठवण आम्हांस आल्यावांचून राहिली नाहीं.

शेवटीं लग्नें जमतात. मुलीला तिचा क्लेआंत मिळतो, मोलकरणीला त्याचा नोकर, सरदाराला ती सरदारणी. सगळ्यांना सगळें कळलेलें असतें. कळलेलें नसतें तें एकट्या जूर्दांला. तो मामामुशीच राहतो. त्याला खरें कोणी सांगत नाहीं, आणि खेळ संपतो.

बंधुभगिनींनो, आम्ही हें पाहून पुष्कळ हंसलों. पण एके ठिकाणीं आमचें हंसणें घशांत अडकलें. बायको शेटला टोमणा मारते कीं, ह्या वयांत शाळेंत जाऊन छड्या खाणार काय? शेट उत्तर देतो कीं, शाळेंत शिकवितात तें मला येणार असेल तर चारचौघांत छड्या खाण्यासहि मी आतांच्या आतां तयार आहें. दरबारी लोक ह्या बोलावर हंसले असतील. आम्हांस तेथें आमचे वडील दिसले.

आमचे वडील सुतार. गाडीचें चाक करावें, आरे नेमके बसवावे, पाभर व कुळव घडवावा, तर त्यांनींच. माप डोळ्यांत असे; लिहिणें मात्र अंगठ्याचें. १९८८ सालीं देशांत साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. त्यानंतर कांहीं वर्षांनीं आमच्या गांवांत रात्रीचा वर्ग आला. वडिलांनीं पन्नाशी ओलांडली होती. पाटी कांखेंत धरून ते निघाले तेव्हां पारावरचीं माणसें हंसलीं. म्हाताऱ्याला आतां मामलेदार व्हावयाचें आहे, असें एकजण म्हणाला. आणि सांगावयास लाज वाटते, पण आम्हीहि हंसलों. आम्ही तेव्हां शाळेंत जाणारें पोर होतों. आम्हांस वाचतां येत होतें.

सहा महिन्यांनीं वडील लांकडाच्या वखारींत गेले आणि आपलें खातें दाखवा म्हणाले. वहींत बोट फिरवीत, एक एक अक्षर जुळवीत वाचूं लागले. एकच रक्कम दोनदां लिहिलेली सांपडली. तींवर बोट ठेवून ते उभे राहिले. वखारवाल्यानें ती खोडली. तो कांहीं बोलला नाहीं, आणि वडीलहि कांहीं बोलले नाहींत. घरीं येऊन जेवले आणि पुन्हां पाटी घेऊन बसले. त्या रात्रीं आम्हीं त्यांस कंदील धरला.

आतां दोन्ही माणसें शेजारीं ठेवून पाहा. आमच्या वडिलांना वाचतां येत नव्हतें, म्हणून ते नागवले गेले. जूर्दांला वाचतां येत होतें, हिशेब पैपर्यंत येत होता, तरी तोहि नागवला गेला. कारण त्याला कोणी मोठें म्हणावें ही भूक होती. ह्या दोन चोऱ्या निराळ्या आहेत. पहिलीवर औषध शाळा. दुसरीवर शाळा पुरत नाहीं.

जूर्दांच्या पोटांत दोन इच्छा होत्या, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. एक, आपणांस कळावें. दुसरी, आपणांस मोठें म्हणावें. पहिली इच्छा सोन्यासारखी. तिला हंसणारा दरबारी असो कीं घरची बायको असो, तो चुकला. जूर्दांबाई शहाणी खरी, पण नवऱ्याच्या शिकण्याला ती हंसली तेथें आम्ही तिच्या बाजूचे नाहीं. दुसरी इच्छा मात्र दिवाळें काढणारी. आणि मास्तरांची, शिंप्याची व सरदाराची लबाडी हीच कीं, पहिलीच्या नांवाखालीं त्यांनीं त्याला दुसरीच विकली.

मोलिअरनें कारागिराच्या घरांत जन्मून दुकानदाराची थट्टा राजापुढें केली, असा दोष कोणी देईल. तो अगदींच खोटा नाहीं. पण त्याच नाटकांत सगळ्यांत हलका माणूस कोण दाखविला आहे? मोलकरीण नव्हे, नोकर नव्हे, दुकानदारहि नव्हे. राजाच्या महालांत वावरणारा सरदार, तोच खरा भामटा. हें त्या दरबाराच्या तोंडावर दाखविणें सोपें नव्हतें.

अशा माणसांचें दुसरें एक नाटक आपल्या घरीं आहे. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ लिहिलें. त्यांत कुणबी आहे, त्याची गरोदर बायको आहे, आणि ग्रहांची भीति घालून त्यांस लुबाडणारा जोशी आहे. शेवटीं तीं नवराबायको रात्रीच्या शाळेंत जाण्याचें ठरवितात. दक्षिणा प्राइझ कमिटीनें तें नाटक पत्करलें नाहीं, व जोतीरावांच्या हयातींत तें छापलें गेलें नाहीं. पण फरक पाहा. फ्रान्सच्या दरबारांत मोठ्या वयाचा दुकानदार शिकावयास बसला तर तो हंसण्याचा विषय झाला. जोतीरावांच्या नाटकांत मोठ्या वयाचीं नवराबायको शिकावयास निघतात तो आशेचा शेवट आहे. आणि तेथें ती बायको नवऱ्याबरोबर जाते, त्याला हंसत मागें राहत नाहीं.

आज आपल्या गांवांत जूर्दां नाहीं काय? चौकांत वाढदिवसाचा फलक लागतो. ज्याच्या शेतांत विहिरीला पाणी नाहीं त्याच्या नांवामागें सम्राट आणि हृदयसम्राट लागतात. फलक लावणारीं पोरें म्हणजे शिंप्याचीं पोरें. पदवी वाढते तशी बक्षिसी वाढते. मुलीच्या लग्नांत मोठ्या घराची बरोबरी म्हणून फेटे, घोडे, आकाशांतून फिरणारा कॅमेरा; तें कर्ज फेडतांना दोन बिघे जमीन जाते. पुढारी खांद्यावर हात ठेवून सांगतो कीं, मुंबईस साहेबांपुढें कालच तुमचें नांव काढलें. आणि आपण उसाचें बिल आलें त्याच दिवशीं त्याला गांठतों. पोराला शाळेंत घालतांना आपण गळपट्टी पाहतों, बूट पाहतों, फाटकावरचें इंग्रजी नांव पाहतों. वर्गांत गणित कोण शिकवितो तें विचारीत नाहीं. उलटीं फुलें आपल्याहि अंगरख्यावर आहेत, आणि बडे लोक असेंच घालतात म्हटलें कीं आपलीहि शंका मिटते.

म्हणून आमचें सांगणें थोडकें आहे. कोणाच्या हातावर पैसे ठेवण्याआधीं मनाशीं एवढें विचारा: हा मला कांहीं शिकवितो आहे, कीं मला कांहीं म्हणतो आहे? शिकवीत असेल तर वय पाहूं नका, लाजूं नका, छड्या खाव्या लागल्या तरी बसा. नुसतें म्हणत असेल तर थैलीचें तोंड आवळा. नांगर धरणारा नांगरटीचें शास्त्र जाणतो, सुतार चाकाचें गणित जाणतो, कुंभार मातीचा गुण जाणतो. त्यांस पंडितानें नांव दिलें नसेल, पण विद्या त्यांची आहे. तीवर अक्षरांची भर घाला, उसन्या पदवीची नको.

आणि शेवटची एक विनंति. त्या नाटकांत घरच्या माणसांनीं जूर्दांला फसूं दिलें आणि त्यावर आपलीं लग्नें जमवून घेतलीं. आपल्या घरांत असा कोणी असेल, भाऊ असो, दीर असो, बाप असो, तर पारावर बसून त्याला हंसूं नका. जवळ बसून खरें सांगा. आणि जो पाटी घेऊन निघाला असेल त्यास कंदील धरा.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.